मापाचं ब्लाऊज

होस्टेल सोडून घरी आले तेव्हा माझ्या बॅगेत आठ दिवसांचे कपडे, मोबाइलचा चार्जर आणि एक इंची टेप होती. टेप मुद्दाम आणलेली नव्हती. फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाच्या कुठल्याही मुलीची बॅग उलटी केली तर ती तळातून पडतेच. बाकी सगळं, म्हणजे चार महिने खपून रंगवलेलं सिल्क, कागदी पॅटर्नची गुंडाळी आणि कमरेपर्यंतचा डमी, नागपूरच्या खोलीत कुलूपबंद झालं होतं. वॉर्डनबाई म्हणाल्या होत्या, कोरोना आहे, आठ दिवसांनी या. त्या आठ दिवसांचं पुढे काय झालं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या कलेक्शनचं नाव होतं ‘अर्बन नोमॅड’, म्हणजे शहरी भटके. आता मी वाढले बोरगाव मेघ्यात. शहर म्हणावं तर वर्धा, आणि भटकंती म्हणावी तर बाबांच्या स्कूटरवर मागे बसून सेलूपर्यंत. पण नाव ऐकून मॅडमनी मान डोलावली होती, त्यामुळे मीही डोलावली. पाच ड्रेस ठरले होते. मॉडेलही ठरली होती, माझ्याच वर्गातली, पाच फूट आठ इंच उंच. तिच्या अंगावर काहीही टाका, शोभायचंच. त्यात आमचं कर्तृत्व किती, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही.

मे महिन्यात मार्गदर्शक मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. कॉलेज काही उघडत नव्हतं. पाच ड्रेसच्या जागी आता एकच करायचा होता. घरात जे कापड असेल ते वापरायचं आणि घरात जे माणूस असेल त्याच्यासाठी शिवायचं. जूनमध्ये मोबाइलवरूनच परीक्षा होणार होती, बाहेरच्या परीक्षक येणार होत्या. त्या माणसाने ड्रेस अंगात घालून त्यांच्यापुढे उभं राहायचं. स्वतःसाठी शिवलेला चालणार नव्हता. जमलं नाही तर वर्ष पुन्हा करायचं.

वर्ष गेलं तर माझं काय होणार, ते आमच्या घरात आधीच ठरलेलं होतं. बाबा सेलूच्या शाळेत मास्तर, दोन्ही काका मास्तर, आत्या मास्तरीण. आमच्याकडे मूल रांगायला लागलं की हातात खडू देतात. त्यात मी ‘कपडे शिवायला’ नागपूरला गेले, ते बाबांनी एकाच अटीवर कबूल केलं होतं: एकही वर्ष वाया जायला नको. गेलं, तर परत यायचं, इथल्याच कॉलेजात बी.ए. करायचं आणि मग बी.एड. हे ते रागाने बोलले नव्हते. त्यांना त्यात खरोखर माझं भलं दिसत होतं, आणि म्हणूनच त्यांच्याशी धड भांडताही येत नव्हतं.

घरात माणसं तीन. त्यातली मी बाद. बाबांनी उत्साहाने स्वतःचं नाव सुचवलं. “माह्या मापाचा शर्ट शिवून टाक ना एखादा. मी उभा राह्यतो, मले काई लाज नाई.” पण आमचा विषय स्त्रियांचे पोशाख हा होता. राहिली आई.

आई सरकारी ऑफिसात क्लार्क. त्या दिवसांत एक दिवसाआड जायची, तोंडाला रुमाल आणि पर्समध्ये बाटलीभर सॅनिटायझर घेऊन. जन्मात साडीशिवाय काही नेसलेली नाही. मी विचारलं तेव्हा ती तुरीची डाळ पाखडत होती.

“मी? गाऊन घालून परीक्षेले उभी राहू? त्या बायायले दुसरं काई पाह्याले नाई का?”

“गाऊन नाही गं. ड्रेस.”

“गळ्यापासून पायापर्यंत एकच शिवलं का ते गाऊनच राह्यते.”

पण सूप खाली ठेवून ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि कपाटातून करवती साडी काढून आणली. मधाच्या रंगाचं टसर आणि काठाला करवतीच्या दात्यांसारखे मरून त्रिकोण. आर्वीच्या मामाने आमच्या वास्तुशांतीला दिलेली. चारदा नेसली असेल. घडी मोडून तिने ती माझ्या मांडीवर ठेवली.

“काप.”

“आई, ही? नीट विचार कर.”

“लग्नकार्य सारे बंद हायेत. कपाटात ठेवून का झुरळायले दाखवू?”

मला भरून आलं, पण आमच्या घरात भरून आलं की लगेच कामाचं बोलायचं अशी पद्धत आहे. मी टेप काढली. “चल, माप घेऊ.” तर आई दोन पावलं मागेच सरकली. “माप कायले? थांब.” परत कपाटाशी गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक आमसुली ब्लाऊज घेऊन आली. “हे घे. मापाचं.”

हे मापाचं ब्लाऊज आमच्याकडे घरटी एक असतं. नवीन साडी आली की तिच्यातला ब्लाऊजपीस आणि हे जुनं ब्लाऊज एका पिशवीत घालून शिवणाऱ्या बाईकडे द्यायचं. टेप लावायची नाही, आकडा बोलायचा नाही. आठवड्याने नवीन ब्लाऊज आणि मापाचं ब्लाऊज दोन्ही परत येतात, आणि मापाचं पुन्हा कपाटात जातं. मी लहानपणापासून ही पिशवी पोचवत आलेय.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की माप अंगावरूनच घ्यायचं, एकूण बावीस मापं. तेव्हा मी हट्ट धरायला हवा होता. धरला नाही, आणि त्याचं कारण आईचा संकोच एवढंच नव्हतं. छातीचं माप घ्यायचं तर समोरच्या माणसाच्या पाठीमागून दोन्ही हात नेऊन टेप पुढे आणावी लागते. वर्गात मुलींची अशी मापं मी शंभरदा घेतली असतील. पण आमच्या घरात एक वय उलटलं की कोणी कोणाला जवळ घेत नाही. वाढदिवसाला ओवाळतात, परीक्षेला जाताना हातावर दही ठेवतात, आजारी पडलं तर कपाळावर हात ठेवतात. मिठी मारत नाहीत. ब्लाऊज हातात आलं तेव्हा, खरं सांगते, मला सुटल्यासारखंच वाटलं.

मग मी कामाला लागले. ब्लाऊज फरशीवर पसरून शिवण न् शिवण मापली. मोजमापात मी वर्गात पहिली होते आणि त्याची मला घमेंड होती. वर अंगासरशी चोळी, खाली कळ्यांचा घोळदार घेर, घोट्यापर्यंत, करवती काठ बाह्यांना आणि तळाला. कंबरेच्या मापाने साडीच्या चौदा कळ्या, म्हणजे वर निमुळत्या पट्ट्या, कापल्या. समोरच्या खोलीत कूलर घरघरत असायचा आणि त्याच्यावर आवाज चढवून बाबा मोबाइलवर सातवीचा वर्ग घ्यायचे. वर शर्ट, खाली पायजमा. “आवाज येते का? कोण जेवून राह्यलं रे मधात?” मी घरातल्या जुन्या पायाच्या मशीनवर शिवत बसायचे. आठ दिवस मी इतकी खुशीत होते की बी.एड. हा शब्दही डोक्यात आला नाही.

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना आईच्या अंगावर पहिल्यांदा ड्रेस चढवला. बाह्या दंडाशीच अडल्या. कशाबशा ओढून घेतल्या. पाठीमागे हूक लावायला गेले तर दोन्ही कडांमध्ये चार बोटं अंतर.

“श्वास आत घे.”

“घेतलाच हाये. सोडला का फाटते.”

मी मागे उभी राहून त्या चार बोटांकडे बघत राहिले. मला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं वाचलं. ब्लाऊज आणून पुन्हा मापलं. माझं काहीच चुकलं नव्हतं. ड्रेस त्या ब्लाऊजला दोऱ्याचाही फरक न पडता जुळत होता.

“आई, हे ब्लाऊज कधीचं आहे?”

आई आरशात न बघता म्हणाली, “लग्नानंतरचं. तू व्हायच्या आधीचं.”

मी ओरडले. चांगलीच ओरडले, त्याची आजही लाज वाटते. तेवीस वर्षांपूर्वीचं माप देतेस आणि एका शब्दाने सांगत नाहीस, साडी गेली, वर्ष गेलं, सगळं बोलले. आई गुपचूप बाह्यांतून हात सोडवत होती. “मी त सदा हेच देतो व,” एवढंच म्हणाली. मी विचारलं, मग बाकीची ब्लाऊजं तुला होतात कशी? तर ती खरोखरच विचारात पडली. “काकू शिवते. ते होते.” तिने या प्रश्नाचा आजवर कधी विचारच केला नव्हता.

साडीचे नुसते धांदोटे उरले होते. बाजार बंद. बाबा वर्ग संपवून आत आले, फरशीवरचे तुकडे पाहिले, माझं तोंड पाहिलं. बी.एड.चं नावही काढलं नाही. आत गेले आणि तिघांचा चहा मांडला. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या लाईनीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, शिवणाऱ्या काकूंकडे गेले. आईची ब्लाऊजं अकरा वर्षं त्याच शिवतात. वरांड्यात मशीन टाकून त्या मास्क शिवत होत्या. मी गेटबाहेर उभी राहून सगळी हकिकत सांगितली. काकूंनी मशीनचं चाक थांबवलं आणि पोट धरून हसल्या.

“अव पोरी, मापाचं ब्लाऊज कोणी मापते का? या लाईनीतल्या साऱ्या बायायचं मापाचं ब्लाऊज लग्नातलंच हाये. मी त पिशवीतून काढून बी पाह्यत नाई.”

“मग माप कसं कळतं तुम्हाला?”

“बाई गेटापुढून जाते ना, तवाच पाह्यून घेतो. तुह्या मायचं दरसाली सूतभर वाढवतो. तिले कायले सांगू?”

“पण मग ते ब्लाऊज घेता कशाला?”

काकूंनी चष्मा कपाळावर ढकलला. “तिले बरं वाटते म्हून.”

अकरा वर्षं एक बाई माझ्या आईला दरवर्षी सूतभर सांभाळून घेत होती, आणि मी चार वर्षं शिकून बावीस मापांची यादी तोंडपाठ करून बसले होते. मला हसू आलं आणि रडूही आलं. काकू मागून ओरडल्या, “आता लाजू नको. मायच्या अंगाले टेप लाव अन् जसं हाये तसं लिही.”

घरी येऊन मी आईला कूलरसमोर उभं केलं. तिने नाही म्हटलं नाही. कालच्या ओरडण्याचं मला काही बोलता येत नव्हतं, तिलाही येत नव्हतं. मी समोरून जवळ गेले आणि दोन्ही हात तिच्या पाठीमागे नेले. आई खांबासारखी ताठ, नजर पंख्यावर. पावडरचा आणि फोडणीचा वास आला. टेपची दोन टोकं पुढे आणून जुळवली, तरी मी लगेच आकडा वाचला नाही. माझी हनुवटी तिच्या खांद्यापर्यंत आली होती. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, हे मला तेव्हा कळलं. तिच्यावर माझा जीव किती आहे ते मला माहीत होतं, पण तिचा आकार मला माहीत नव्हता.

“किती व?” तिने पंख्यालाच विचारलं.

मी सांगितलं.

“अव माय!” ती म्हणाली. आणि मग हळूच, “बाबाले सांगजो नको.”

बावीस मापं घेऊन झाली. पाठीला, दोन्ही कुशींना आणि बाह्यांना कापड घालायला हवं होतं, तेही दोन-दोन बोटं. ते आणायचं कुठून, हा घोर बाबांनी मिटवला. आमच्याकडे लग्नात पाहुण्यांना सुती दुपट्टा देतात, पांढरा, बारीक लाल काठाचा. बाबांच्या पेटीत असे पंचवीस-तीस दुपट्टे घडीही न मोडता पडले होते. त्यांनी गठ्ठाच उचलून आणला. “इतक्या लग्नांत जेवलो, त्याचं काईतरी सार्थक होऊ दे.”

मी सगळ्या शिवणी उसवल्या. कमरेपासून काखेपर्यंत आणि काखेतून पुढे बाहीत कोपरापर्यंत पांढऱ्या दुपट्ट्याची एकसलग पट्टी घातली. काखेत ती रुंद ठेवली, पतंगाच्या आकाराची, कारण तिथे कापड तोकडं पडलं तर सगळंच ओढलं जातं. पाठीला तशीच एक उभी पट्टी. मधाच्या रंगावर ते पांढरं लांबून दिसायचं. लपवायला जागाच नव्हती. म्हणून हे मुद्दामच मोडून जोडलंय अशा अर्थाचं एक भारी इंग्रजी वाक्य मी पाठ करून ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी बाबा कॅमेरामन झाले. इस्त्रीच्या टेबलावर गव्हाचा डबा, डब्यावर मोबाइल. आवाज नको म्हणून त्यांनी कूलर बंद केला आणि पाच मिनिटांत आम्ही तिघं घामाने निथळलो. आईने कुंकू सारखं केलं, चष्मा पुसला. मी म्हटलं, चालून दाखव. साहेबांच्या केबिनमध्ये फाईल घेऊन जावं तशी ती चालत आली आणि तशीच परत गेली. बाबा सवयीने म्हणाले, “सरळ उभी राह्य. हलू नको.”

पडद्यावर आमच्या मॅडम आणि परीक्षक बाई होत्या. परीक्षक बाईंचे केस पिकलेले, चेहरा न हसणारा. त्यांनी आईला वळायला लावलं, पाठ बघितली, मग मला विचारलं, “हे पांढरे पट्टे कशासाठी?”

मी पाठ केलेलं सुरू केलं. हे जाणीवपूर्वक केलेलं डिकन्स्ट्रक्शन आहे, पारंपरिक वस्त्राला छेद देऊन…

“नाई मॅडम,” आई म्हणाली. “कापाले चुकली ते.”

सगळी नोकरी फायलीतल्या खोट्या नोंदी पकडण्यात गेलेली बाई, तिला माझं ते वाक्य सहन होणं शक्यच नव्हतं. “तिची चूक नाई,” आई पुढे म्हणाली. “मापाचं ब्लाऊज मीच जुनं देल्लं.” आमच्या मॅडमनी कपाळाला हात लावला. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. आता मला खरं बोलण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी सांगितलं की मी आईच्या अंगावरून माप घेतलंच नव्हतं, ब्लाऊजवरून कापलं, म्हणून ही जोडणी. परीक्षक बाई खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या. बराच वेळ लिहीत होत्या. मला डोळ्यांसमोर बी.ए.चा वर्ग दिसायला लागला.

मग त्यांनी मान वर केली आणि आईला विचारलं, “तुम्हाला कसा वाटतो हा ड्रेस? खरं सांगा.”

“खरंच सांगतो. रंग चांगला हाये. घेर जरा जास्त झाला. हे घालून मी काई बजारात जाणार नाई. पण मॅडम, यात हात वर जाते.”

“म्हणजे?”

आईने दोन्ही हात सरळ डोक्यावर उचलले, पार कानांच्या वर. “मले बावीस वर्षं झाले नोकरीले. वरच्या रॅकवरची फाईल काढाची असली का मी शिपायाले आवाज देतो. लोकं म्हणते, बाईले लई तोरा. तोरा नाई, मॅडम. हात वर केला का काखेत उसवते. साऱ्याच ब्लाऊजात. चारचौघात कोण करन हात वर? घरी बी डबा काढाले इलेच आवाज देतो.”

ती तक्रार करत नव्हती, विचारलं म्हणून सांगत होती. आणि मला ते सगळे आवाज आठवले, अभ्यासातून, मोबाइलमधून, झोपेतून उठवणारे, वरचा डबा दे व. मी कितीदा आतूनच ओरडले होते, स्टूल घे ना!

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, मोबाइल जरा जवळ न्या. बाबांनी तो डब्यावरून उचलला आणि आईच्या काखेशी धरला, मान दुसरीकडे वळवून. बाईंनी तो पतंगासारखा तुकडा नीट पाहिला.

“हे मघाशी का नाही सांगितलंस?” त्यांनी मला विचारलं.

“मला माहीत नव्हतं,” मी म्हणाले.

“रिपोर्टमधून ते डिकन्स्ट्रक्शन काढ. आई जे बोलल्या ते लिही, त्यांच्याच शब्दांत. पास करतेय मी तुला.”

कॉल संपला. बाबा मोबाइल हातात धरून नुसतेच उभे होते. मी वळून बघितलं तर आई तशीच, दोन्ही हात वर. तिला कोणी खाली करायला सांगितलंच नव्हतं.

“घेऊ का खाली आता?” तिने विचारलं.

“राहू दे थोडा वेळ,” मी म्हणाले.